वाचक विचारतात : वीणावादक इनायत खाँ आणि पश्चिमेतले सूफी

प्रश्न : मी दादरला अनेक वर्षे ख्यालगायन शिकते आहे. आमच्या वर्गात असा विषय निघाला की, बडोद्याच्या इनायत खाँ यांनी ऐन उमेदीत वीणा खाली ठेवली आणि ते युरोपात सूफी गुरू झाले. इतकी तालीम घेतलेल्या माणसाने गाणे का सोडले असेल? आणि त्यात नुकसान संगीताचेच झाले, असे म्हणावे का? (एक वाचक, दादर)

उत्तर : आधी नावांचा घोळ मिटवायला हवा, कारण संगीतप्रेमींच्या बैठकीत तो हमखास होतो. आपण विचारता ते इनायत खाँ म्हणजे इमदादखानी घराण्याचे सतारिये आणि विलायत खाँ यांचे वडील असलेले इनायत खाँ नव्हेत. सूफी इनायत खाँ यांच्या थोरल्या मुलाचे नावही विलायतच असल्यामुळे घोळात भर पडते. शिवाय त्यांच्या वडिलांचे नाव रहमत खाँ असल्याने काही जण त्यांना ग्वाल्हेरच्या ‘भूगंधर्व’ रहिमत खाँचे चिरंजीव ठरवून मोकळे होतात, तेही चूक आहे. हे रहमत खाँ पंजाबातून बडोद्यास आलेले ध्रुपदिये होते. मौलाबक्ष यांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला आणि ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यात इनायत यांचा जन्म झाला.

आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्या मते या आजोबांपाशी, म्हणजे मौलाबक्षांपाशीच सापडतात. म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मौलाबक्ष उत्तरेकडचे गायक-वीणावादक, परंतु म्हैसूरकडे राहून त्यांनी कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली त्यांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. विष्णु दिगंबर पलुसकरांचे गांधर्व महाविद्यालय लाहोरला निघाले १९०१ साली आणि त्याची मुंबईची शाखा १९०८ सालची, हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याचे हे पाऊल किती आधीचे होते ते कळते. त्या काळात उस्तादाच्या घरी गंडा बांधून, हुक्का भरून, वर्षानुवर्षे सेवा करून चार चिजा पदरात पडत, आणि खास चिजा तर घराण्याबाहेर जातच नसत. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, पाठ्यपुस्तके छापली, इयत्ता ठरवल्या आणि खाजगी मिळकतीसारखी सांभाळली जाणारी विद्या वर्गात फळ्यावर मांडली. घराणेदार मंडळींनी यावर नाके मुरडली असतील तर त्यात नवल नाही. स्वरलिपीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणे, उतरत नाही, गमकेचे, म्हणजे सुराच्या आंदोलनाचे, वजन उतरत नाही, हा आक्षेप तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. पण ज्याला उस्तादाच्या ओसरीवर कधीच जागा मिळाली नसती, अशा मुलाच्या हाती निदान बंदिशीचा सांगाडा तरी आला.

इनायत या घरात वाढले. लहानपणी त्यांनी दरबारात गणेशस्तुतीचे संस्कृत स्तोत्र गाऊन सयाजीरावांकडून बक्षीस मिळवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मराठी राज्यकर्त्याच्या दरबारात एका मुसलमान गवयाच्या नातवाने गणपतीचे स्तोत्र म्हणावे, यात त्या काळच्या बडोद्यात कोणाला काही वावगे वाटले नसणार. पुढे ते आजोबांच्याच शाळेत शिकवू लागले आणि हार्मोनियम व फिडल शिकवणारी पुस्तके त्यांनी विशी ओलांडता ओलांडता प्रसिद्ध केली. वीणेसारख्या कठीण वाद्याचा वादक हार्मोनियम-शिक्षकाची पुस्तिका लिहितो, ही गोष्ट चरित्रांत सहसा एका ओळीत उरकली जाते. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण विद्या सर्वांसाठी पुस्तकात मांडण्याची आजोबांची पद्धत तीत दिसते.

त्यानंतरची त्यांची वर्षे हैदराबादेत गेली. निजाम मीर महबूब अली खाँ यांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांना ‘तानसेन’ ही पदवी दिली. याच शहरात त्यांनी चिश्ती सिलसिल्याचे, म्हणजे चिश्ती या सूफी गुरुपरंपरेचे, सय्यद मुहम्मद अबू हाशिम मदनी यांच्या हातून बैअत, म्हणजे दीक्षा, घेतली. चिश्ती परंपरेत समा, म्हणजे ईश्वराकडे मन लागावे म्हणून ऐकलेले गाणे, हा साधनेचाच भाग मानला जातो. त्यामुळे गवई आणि मुरीद, म्हणजे सूफी शिष्य, या दोन भूमिकांत तेथे विरोध नव्हता. मदनींचे १९०७ साली निधन झाले. आपल्या संगीताने पूर्व आणि पश्चिम यांचा मेळ घाल, असे त्यांनी शिष्याला सांगून ठेवले होते, अशी परंपरेतली हकिकत आहे.

१३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत खाँ मुंबईहून बोटीने निघाले. बरोबर धाकटे भाऊ महबूब खाँ आणि नात्यातले भाऊ मुहम्मद अली खाँ होते. अमेरिकेत पोहोचल्यावर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांचा कार्यक्रम झाला, पण व्याख्यानांवर तिघांचे पोट भरणे शक्य नव्हते. तेव्हा ‘हिंदुस्थानचे शाही संगीतकार’ या नावाने ही मंडळी रुथ सेंट डेनिस या नर्तकीच्या दौऱ्यात सामील झाली. बाईंची कीर्ती ‘पौर्वात्य’ नृत्यांसाठी होती. १९०६ साली गाजलेल्या त्यांच्या ‘राधा’ या नृत्याला संगीत होते ते लिओ दलीब या फ्रेंच संगीतकाराच्या ‘लाक्मे’ या ऑपेरामधले. अशा रंगमंचावर ध्रुपदाची तालीम घेतलेल्या माणसांनी गायचे, तेही प्रेक्षकांना रंगीत पोशाखांचे कौतुक असताना! पुढे पॅरिसमध्ये माता हारीच्या नृत्यालाही त्यांनी साथ केली आणि मॉस्कोत तर एका रंगेल नाट्यगृहात कार्यक्रम केले. देब्यूसी, स्क्रिआबिन अशा मोठ्या संगीतकारांशी त्यांची गाठ पडली हे खरे. पण रोजचा श्रोता देब्यूसी नव्हता.

त्या श्रोत्याला राग ऐकण्याचा कान नव्हता. आलाप म्हणजे मैफल सुरू होण्याआधीची जुळवाजुळव, असा त्याचा समज होई. मात्र गाण्याच्या मधल्या वेळात इनायत खाँ जे चार शब्द बोलत, ते तो लक्ष देऊन ऐके. हळूहळू शब्द वाढत गेले आणि गाणे कमी झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते लंडनमध्ये होते, आणि १९२० साली त्यांनी फ्रान्समध्ये मुक्काम हलवला तोवर जाहीर मैफली जवळजवळ संपल्या होत्या. संगीताकडून जे मिळायचे ते मला मिळाले, आता जे सर्वांत प्रिय तेच अर्पण करायचे आणि वाद्यांऐवजी माणसे सुरात लावायची, अशा आशयाचे त्यांचे स्वतःचे स्पष्टीकरण आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही, पण ते अपुरे आहे. त्यामागे पैशांची ओढाताण होती, प्रकृतीचा प्रश्न होता, आणि समजदार श्रोत्याशिवाय गाणाऱ्याचे काय होते हे आपणासारख्या गाणाऱ्या व्यक्तीस मी सांगण्याची गरज नाही.

आता आजोबांच्या शाळेकडे परत येऊ. पश्चिमेत त्यांनी जे उभारले त्याचा आराखडा खानकाहचा, म्हणजे सूफी मठाचा, कमी आणि गायनशाळेचा जास्त आहे. परंपरेने सूफी शिक्षण मुर्शिदाच्या, म्हणजे गुरूच्या, सहवासात, एकेका मुरीदाच्या कुवतीप्रमाणे, तोंडी दिले जाते. इनायत खाँ यांनी त्याचे क्रमवार पाठ तयार केले. त्यांना ‘गाथा’, ‘गीता’ अशी नावे होती, आणि साधकाच्या पायरीनुसार ते वर्गात वाचून दाखवले जात. त्यांनी सभासदांची नोंद ठेवली, नियतकालिक काढले, पॅरिसजवळच्या स्युरेन या गावी दर उन्हाळ्यात शिबिरे भरवली आणि १९२३ साली जिनिव्हात रीतसर कायदेशीर संस्था नोंदवली. आजोबांनी घराण्याची विद्या इयत्तांत बसवली, तर नातवाने सिलसिल्याची. आपल्या सुभाषितवजा वचनांच्या संग्रहांना त्यांनी ‘गायन’, ‘वादन’ आणि ‘निर्तन’ अशी नावे दिली, म्हणजे संगीताची तीनही अंगे पुस्तकांवर येऊन बसली. तेव्हा ‘संगीत सोडले’ हे मैफलीपुरते खरे आहे. संगीत शिकवण्याची बडोद्याची पद्धत त्यांनी सोडली नाही. नुकसानीचा हिशेबही तसाच करावा लागतो. वीणेचे नुकसान झाले, कारण त्यांचा शिष्यवर्ग साधकांचा होता आणि त्यातून एकही वीणावादक पुढे आल्याचे दिसत नाही. ही किंमत लहान होती, असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : इनायत खाँ यांनी पाश्चात्त्य शिष्यांना मुसलमान होण्याची अट घातली नाही, असे वाचले. इस्लाम वगळून सूफी मार्ग शिल्लक राहतो का? की हा पाश्चात्त्यांच्या सोयीसाठी केलेला पातळ काढा आहे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : अट घातली नाही, हे बरोबर आहे. १९११ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी दीक्षा दिलेल्या एडा मार्टिन या ज्यू कुटुंबातल्या बाई होत्या. त्यांना ‘राबिया’ हे नाव मिळाले, पण धर्मांतर करायला सांगितले गेले नाही. पुढे त्यांना मुर्शिदा हा अधिकारही देण्यात आला. एखाद्या स्त्रीने, तीही मुसलमान नसलेल्या स्त्रीने, पुरुषांना बैअत द्यावी ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याही दर्ग्यात पचनी पडली नसती.

१९२१ साली लंडनमध्ये त्यांनी एक सामुदायिक उपासना सुरू केली. एका मंचकावर मधोमध ईश्वराच्या नावाची मेणबत्ती असते. तिच्या ज्योतीवरून एकेक करत हिंदू, बौद्ध, पारशी, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांच्या मेणबत्त्या लावल्या जातात, आणि शेवटची लावली जाते ती जगाला ज्ञात-अज्ञात अशा सर्व सत्यदर्शींसाठी. समोर त्या त्या धर्माचे ग्रंथ ठेवलेले असतात, त्या दिवसाच्या विषयाला धरून प्रत्येकातला उतारा वाचला जातो आणि त्यानंतर प्रवचन होते. जैन आणि शीख या यादीत का नाहीत, हा आपल्याकडच्या वाचकाला सहज सुचणारा प्रश्न आहे. शेवटच्या मेणबत्तीत त्यांचा समावेश धरायचा, असे म्हणता येईल. परंतु यादी युरोपीय श्रोत्याच्या ओळखीच्या धर्मांना धरून झाली असावी, असे माझे मत आहे.

परंपरानिष्ठ सूफींचा आक्षेप असा की, शरीयत, म्हणजे इस्लामचे धर्मनियम, ही पहिली पायरी असून ती गाळून तरीकतवर, म्हणजे सूफी साधनामार्गावर, उडी मारता येत नाही. या आक्षेपाला वजन आहे. चिश्ती बुजुर्ग नमाज-रोजे पाळणारेच होते आणि खुद्द मदनीही तसेच होते. उलट बाजूने असेही सांगावे लागते की, चिश्ती खानकाहांत हिंदूंचा राबता शतकानुशतके होता आणि सूफींच्या सहवासासाठी धर्म बदलण्याची सक्ती तेथे नव्हती. इनायत खाँ यांनी नवे केले ते एवढेच की, जे उंबऱ्याजवळ बसत त्यांना आत बोलावून थेट अधिकार दिला. झिक्र, म्हणजे ईश्वराचे नामस्मरण, मात्र त्यांनी अरबीतच ठेवला, वजीफे, म्हणजे जपाची ठरलेली वचने, तीही तीच ठेवली, आणि आपल्या सिलसिल्यातल्या पिरांची नावे शिष्यांना शिकवली. म्हणून ‘पातळ काढा’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. त्यांच्या मागून आलेल्या काही मंडळींबद्दल तो वापरला तर मी हरकत घेणार नाही. आज परदेशात योगासनांच्या वर्गाशेजारी ‘सूफी’ पाटी लावून जे काही चालते, त्याची जबाबदारी १९२७ साली निधन पावलेल्या माणसावर टाकणे मात्र योग्य नव्हे.

काही वाचक या संदर्भात स्वामी विवेकानंदांशी तुलना करतात. दोघेही मुंबईच्याच बंदरातून निघाले, स्वामीजी ३१ मे १८९३ रोजी. स्वामीजी स्वतः उत्तम गात, पखवाजही वाजवत, आणि इंग्रजी वक्तृत्व त्यांच्या हातचा मळ होता. इनायत खाँ यांना इंग्रजी तिकडे जाऊन घोटावे लागले, आणि सर्वधर्म परिषदेसारखे व्यासपीठ त्यांच्या वाट्याला आले नाही. त्याहून मोठा फरक असा की, स्वामीजींच्या मागे देशात मठ आणि मिशन उभे राहिले, तर इनायत खाँ यांच्या कार्याला भारतात दीर्घकाळ बूडच नव्हते. आपल्याकडे ते अपरिचित राहिले याचे हे एक सरळ कारण आहे.

प्रश्न : आम्ही माहीमला राहतो, मखदूमबाबांचा उरूस लहानपणापासून पाहत आलो. या दर्ग्याचा आणि इनायत खाँ यांच्या सूफी पंथाचा काही संबंध आहे का? महाराष्ट्राशी त्यांचे काही नाते सांगता येईल का? (एक कुटुंब, माहीम)

उत्तर : सिलसिल्याच्या दृष्टीने थेट संबंध नाही. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे अरबीत ग्रंथरचना करणारे विद्वान होते. त्यांनी कुराणावर भाष्य लिहिले आणि सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी यांच्या विचारांचेही विवरण केले. सर्व अस्तित्व एकच आहे, या इब्न अरबींच्या विचारधारेचे पाणी चिश्ती परंपरेतही मुरलेले आहे आणि इनायत खाँ यांच्या प्रवचनांतही ते पदोपदी जाणवते. त्यामुळे विचारांचे चुलतनाते आहे, असे म्हणू.

महाराष्ट्राशी असलेले नाते याहून जवळचे आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. इनायत खाँ यांचा सिलसिला दिल्लीच्या शाह कलीमुल्लाह जहानाबादींकडून येतो. कलीमुल्लाहांनी आपला शिष्य दख्खनला पाठवला, तो म्हणजे औरंगाबादचे शाह निजामुद्दीन. त्यांचा दर्गा आजही त्या शहरात आहे. त्यांचे पुत्र फखरुद्दीन औरंगाबादेतच जन्मले, पुढे दिल्लीस गेले, आणि त्यांच्यापासून चार पिढ्यांनी ही परंपरा हैदराबादेत मदनींपर्यंत पोहोचली. म्हणजे कॅलिफोर्नियातला एखादा मुरीद पिरांची नावे म्हणतो, तेव्हा त्यात एक औरंगाबादकर असतोच. त्याही मागे जायचे तर दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब खुलदाबादेत विसावले आहेत.

दुसरा धागा अहमदनगरपाशी येतो. इनायत खाँ यांच्या निधनानंतर वारशावरून वाद झाले. युरोपातली संस्था भाऊ महबूब खाँ यांच्याकडे गेली, पण वर उल्लेख केलेल्या राबिया मार्टिन यांना ते मान्य झाले नाही आणि अमेरिकेतला गट वेगळा झाला. पुढे त्या अहमदनगरजवळ मेहेराबादला आश्रम असलेल्या मेहेरबाबा या आध्यात्मिक गुरूंकडे ओढल्या गेल्या. १९४७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या उत्तराधिकारी आयव्ही ड्यूस यांनी भारतात येऊन मेहेरबाबांची भेट घेतली, आणि १९५२ साली बाबांनी या गटाला नवी सनद देऊन त्याची पुनर्रचना केली. बडोद्याहून निघालेली एक शाखा अशी सॅन फ्रान्सिस्कोला वळसा घालून मेहेराबादला येऊन टेकली.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्तहेर नूर इनायत खान या त्यांच्याच कन्या का? (एक विद्यार्थी, परळ)

उत्तर : होय. इनायत खाँ यांनी १९१३ साली लंडनमध्ये ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. चार मुलांपैकी नूर ही थोरली, जन्म १ जानेवारी १९१४, मॉस्को. वडील गेले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तीही वीणा शिकली होती, आणि तिने जातककथांचे इंग्रजीत पुनर्कथन केले, ते पुस्तक १९३९ साली निघाले. जून १९४३ मध्ये तिला बिनतारी संदेशवाहक म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. त्या कामासाठी तेथे पाठवली गेलेली ती पहिली स्त्री. बरोबरचे गट एकामागून एक पकडले गेले तरी ती पॅरिसमध्ये राहून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये तिला अटक झाली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत गोळी घालण्यात आली. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्यसन्मान मिळाला. वडिलांनी मुंबई सोडली तीही तारीख १३ सप्टेंबरच, आणि त्यांचे अनुयायी तो दिवस दरवर्षी पाळतात. अहिंसेचे संस्कार असलेली मुलगी युद्धात कशी उतरली, याची चर्चा तिच्या चरित्रकारांनी भरपूर केली आहे, येथे तिला जागा नाही.

प्रश्न : इनायत खाँ यांचे गाणे आज ऐकायला मिळते का? त्यांची समाधी कोठे आहे? (एक वाचक, ठाकूरद्वार)

उत्तर : मिळते. १९०९ साली, म्हणजे परदेशी जाण्याच्या आदल्या वर्षी, ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात त्यांच्या तबकड्या काढल्या. १९९४ साली त्या एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध झाल्या. ही मुद्रणे गायनाची आहेत, वीणेची नाहीत. तीन-साडेतीन मिनिटांत चीज संपवायची असल्यामुळे आलापाला वाव नाही. तरीही आवाज मोकळा आहे, तान दाणेदार आहे आणि लयीवरची हुकमत जाणवते. खरखर पुष्कळ आहे, तेव्हा पहिल्यांदा ऐकताना हेडफोन लावलेला बरा, आणि एकेक बाजू दोनदा ऐकावी. सूफी म्हणून त्यांच्याकडे पाहणारे या तबकड्यांना पवित्र अवशेषासारखे जपतात. आपण त्या गवयाच्या तबकड्या म्हणूनच ऐकाव्यात, असे मी सुचवीन. त्यांच्या समकालीन गायकांच्या त्याच काळातल्या मुद्रणांशेजारी ठेवल्या तर त्या मुळीच फिक्या वाटत नाहीत.

१९२६ च्या अखेरीस इनायत खाँ भारतात परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यापासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, त्याच वस्तीत त्यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीत उरूस भरतो आणि त्याला परदेशी मुरीदांची गर्दी असते. दिल्लीस गेल्यास निजामुद्दीनच्या गल्लीत गुलाबफुलांच्या दुकानदारांना ‘इनायत खाँ का दर्गा’ असे विचारावे.